पालकांची सही हवी, मत नको

नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मोबाइलवर शाळेकडून एक कागद येऊन पडला. २३ तारखेपासून नववी ते बारावीचे वर्ग भरणार होते. उपस्थितीची सक्ती नव्हती. मुलाला पाठवायचं असेल तर सोबतचं संमतीपत्र सही करून द्यायचं होतं. मजकूर शाळेगणिक वेगळा, आशय एकच : आम्ही आमच्या पाल्याला स्वेच्छेने पाठवत आहोत. काही शाळांनी पुढे हेही लिहून घेतलं, की संसर्ग झालाच तर शाळेला जबाबदार धरणार नाही. मार्चपासून स्वयंपाकघरात, पडवीत, बाल्कनीत, पलंगाच्या कडेला शाळा चालवणाऱ्या आईवडिलांसाठी बहुधा हा शाळेकडून आलेला पहिला लेखी प्रश्न होता, आणि त्याचं उत्तरही आधीच छापलेलं होतं.

महासाथीतल्या शिक्षणाचा विषय निघाला की मुलांचं किती नुकसान झालं, शिक्षकांनी काय धडपड केली, सरकार कुठे चुकलं, यावर भरपूर बोललं जातं. पालकांचा उल्लेख येतो तो 'मुलं मोबाइलच्या नादी लागली, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं' एवढ्यापुरता. खरं तर त्या दोन वर्षांत शाळेचं निम्मंशिम्मं काम घरी आलं होतं. ते कुणाला झेपेल, कुणाला नाही, हे कुणी विचारलं नाही, आणि शाळा उघडल्यावर त्याची नोंदही कुठे राहिली नाही.

हे आता उकरून काढायचं कारण साधं आहे. 'आज ऑनलाइन घेऊ' ही सोय शाळांच्या हाताशी कायमची आली आहे. दिल्लीत नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा विषारी झाली तेव्हा वर्ग आधी ऑनलाइन गेले, मग हायब्रिड झाले. मूल शाळेत पाठवायचं की घरी बसवायचं, याचा निर्णय पुन्हा पालकांच्या गळ्यात पडला. मुंबई-पुण्यातही मुसळधार पावसाने सुट्टी जाहीर झाली की काही खासगी शाळांचा मेसेज येतो, पाठोपाठ लिंक येते. ज्या घरात दोघंही कामावर निघालेले असतात तिथे त्या लिंकचं काय करायचं, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला होता. तो कायमचाच राहिला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. पाठोपाठ 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही राज्याची मोहीम आली. जुलैत केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे फार तर दोन तास, नववी ते बारावीला चार. बालवर्गासाठी जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तो पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. हे शेवटचं कलम फार प्रामाणिक होतं. चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरून शिकवता येत नाही, शिकवणार ती घरातली माणसं, हे सरकारने त्यात कबूलच केलं होतं. मात्र त्या माणसांना वेळ कुठून मिळणार, त्यांच्या कामाच्या ठिकाणी कुणी सवलत देणार का, शिकवायचं ते त्यांना वाचता येतं का, यावर कुठल्याच कागदात काही नव्हतं.

घरात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवायला हवं. थोरल्याचा सातवीचा गणिताचा तास आणि धाकटीचा दुसरीचा मराठीचा तास एकाच वेळी, फोन एक. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं संपली की सगळा वर्ग बाहेर फेकला जायचा, मग नव्या लिंकची वाट. 'बाई, आवाज येत नाहीये' यात पहिली दहा मिनिटं जायची. कॅमेऱ्याच्या कडेला बसून आई उत्तर पुटपुटायची आणि पलीकडून बाई म्हणायच्या, 'आईंनी सांगू नका, त्याला सांगू द्या.' दुपारी गृहपाठाच्या पीडीएफ. संध्याकाळी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून गटावर टाकायचा, तो पुसट आला म्हणून पुन्हा काढायचा. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपायचा. पहिली-दुसरीच्या मुलापाशी बहुतेक घरांत आई बसली. ती नोकरी करणारी असेल तर ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसली.

आणि ही घरून काम करता येणाऱ्यांची गोष्ट झाली. नर्स, सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक, घरपोच सामान पोहोचवणारे, सोसायटीचे वॉचमन हे सगळे बाहेर होते. त्यांच्याबरोबर घरातला एकुलता स्मार्टफोनही बाहेर होता. सकाळचा वर्ग त्या मुलांसाठी रात्री नऊला सुरू व्हायचा, बाबा घरी आल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर साठलेल्या मेसेजमधून. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम काढली. त्यासाठी आशाताई घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. गावाच्या कुटुंबांची जबाबदारी घेऊन दिवसभर बाहेर असलेल्या या बाईच्या स्वतःच्या मुलांचा अभ्यास घरी कोण घेणार, ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या घोषणेत बसत नव्हता.

याचा आकड्यांतला पुरावा 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालांत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या ग्रामीण भागात फोनवरून जी पाहणी झाली, तिच्यात चारपैकी तीन मुलांना घरातल्या कुणाची तरी अभ्यासात मदत मिळत होती. हा आकडा वाचून कुणालाही कौतुक वाटेल. पण त्याची फोड पाहा. दोन्ही पालक नववी किंवा त्यापुढे शिकलेले होते त्या घरांत जवळपास नव्वद टक्के मुलांना मदत होती. दोघंही पाचवीच्या पुढे गेले नव्हते तिथे हे प्रमाण पंचावन्नच्या आसपास होतं. म्हणजे शाळा घरी नेली तेव्हा मुलाचं शिक्षण आईबापाच्या शिक्षणाला बांधलं गेलं. सरकारी शाळा ज्या कारणासाठी काढल्या, नेमकं तेच इथे उलटं झालं. आणि तरीही पाचवीपर्यंतच शिकलेल्या घरांतल्या निम्म्याहून जास्त मुलांपाशी कुणीतरी बसत होतं, हे ज्यांना 'अशिक्षित पालक उदासीन असतात' असं वाटतं त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

फोनचंही तसंच. शाळेत नाव असलेल्या मुलांच्या ग्रामीण घरांत २०१८ मध्ये साडेछत्तीस टक्क्यांकडे स्मार्टफोन होता, २०२० मध्ये तो जवळपास ६२ टक्क्यांकडे आला. टाळेबंदीत हाताला काम नव्हतं, त्या वर्षातली ही वाढ आहे. ती खरेदी कुणी उसनवारीवर केली, कुणी साठवणीतून, पण केली. पुढच्या वर्षीच्या पाहणीत दिसलं, की घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना तो कधीच हाताळायला मिळत नव्हता. फोन घरात असणं वेगळं आणि अभ्यासाच्या वेळी मुलाच्या हातात असणं वेगळं, हे कुठल्याही आईने सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

दरम्यान वर्तमानपत्रांना चांगल्या बातम्या मिळत होत्या. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलांनी येता-जाता वाचावेत, अंतर राखून शिकावं. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे एका संस्थेचे कार्यकर्ते ध्वनिमुद्रित धडे लाउडस्पीकरवर लावून पाड्यापाड्यांत फिरले. सिंधुदुर्गात रेंज मिळावी म्हणून एका विद्यार्थिनीसाठी घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधली. गोव्यात सांगे तालुक्यात नेत्रावळीच्या परिसरातली मुलं टेकडीवर जाऊन बसत. या बातम्या खऱ्या होत्या आणि त्यामागची माणसं कौतुकाला पात्रच होती. मात्र झोपडीची बातमी आपण ज्या उत्साहाने वाचली त्याच उत्साहाने 'त्या गावात टॉवर का नाही' हे विचारलं नाही. डोंगरावर झोपडी उभारणारे हात घरच्यांचे होते, आणि ते त्यांचं काम नव्हतं.

एक प्रयत्न मात्र जेवढा नावाजायला हवा होता तेवढा नावाजला गेला नाही. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पुस्तकांच्या आधारे ती केली होती. तिला ना लिंक लागत होती ना रिचार्ज. घरात, अंगणात सापडणाऱ्या वस्तू घेऊन करायचे उपक्रम होते. आजीसुद्धा सोबत बसू शकेल असा तो वर्ग होता. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त माध्यम पालकांना सगळ्यात कमी जाचक ठरणारं होतं. शहरी मध्यमवर्गाला मात्र टीव्हीवरची शाळा कमअस्सल वाटली. फी भरायची तर मुलाचा चेहरा चौकोनात दिसलाच पाहिजे!

फीवरून तर उघड भांडण झालं. मे २०२० मध्ये राज्याने त्या वर्षी फीवाढ करू नये असा आदेश काढला, संस्थाचालक उच्च न्यायालयात गेले, आदेशाला स्थगिती मिळाली. फी थकली म्हणून मुलांना ऑनलाइन वर्गातून बाहेर काढल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के फी कमी करायला सांगितलं, आणि त्याचा आधार घेत महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये तसाच निर्णय काढला. मैदान, प्रयोगशाळा, ग्रंथालय बंद असताना त्यांचे पैसे का भरायचे, हा पालकांचा सवाल रास्त होता. पण या भांडणात पालकांची ओळख 'पैसे देणारा ग्राहक' एवढीच उरली. शिकवण्याचं जे काम ते स्वतः करत होते त्याचा हिशेब त्यांनीही मांडला नाही.

खरी दमछाक हायब्रिडने केली. आज अर्धा वर्ग शाळेत, उद्या दुसरा अर्धा; एका बाकावर एक, तीन-चार तास, डबा खायचा नाही. पूर्ण बंद शाळेत घराने निदान एक घडी बसवली होती, ती आता दर दिवसाआड मोडू लागली. त्यात उघडणं-मिटणं चालूच. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई वगळून पाचवी ते आठवी सुरू झाली, दुसऱ्या लाटेत बंद पडली. पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर गेली, दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल ९९.९५ टक्के लागला. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून वर्ग उघडले. तोवर दिवाळी आली, आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. शाळा उघडी, मुलगी तयार, आणि गावात गाडी नाही. वडाप परवडत नाही, परवडलं तरी मुलीला एकटीला पाठवायला मन धजत नाही. ज्या बापाने सायकल-मोटारसायकलवरून पोर पोहोचवली त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला. शिक्षण खातं आणि परिवहन खातं यांची गाठ पडायची ती त्या बापाच्या घरी.

पहिलीच्या मुलांसाठी शाळेचं दार उघडलं १ डिसेंबर २०२१ रोजी, काही मोठ्या शहरांत त्याच्याही नंतर. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे ते पुन्हा लागलं, २४ तारखेपासून जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याने उघडलं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने शाळेची पायरी चढली तेव्हा ते दुसरीत अर्धं वर्ष काढून बसलं होतं. बाराखडी त्याला जी काही आली ती घरच्यांनी शिकवली तेवढी.

याच मुलांची 'असर'च्या लोकांनी २०२२ मध्ये, ती तिसरीत असताना, परीक्षा घेतली. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, ती १६.३ वर आली. २०२४ मध्ये तोच आकडा २३.४ झाला. २०२४ ची तिसरीतली मुलं जून २०२२ मध्ये पहिलीत गेली, म्हणजे बाई समोर उभ्या असलेल्या वर्गात. या दोन आकड्यांमधल्या फरकाला इतरही कारणं आहेत. पायाभूत वाचनावर मधल्या काळात सरकारने भर दिला हे त्यातलं मोठं. पण पहिली घरी केलेल्या मुलांचं आणि पहिली शाळेत केलेल्या मुलांचं अंतर इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसेल. ज्यांना पालक हे शिक्षकाला पर्याय वाटतात त्यांनी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. पालकांनी कसूर केली असा याचा अर्थ कुणी काढू नये. जे काम शिकायला माणसं दोन वर्षं डी.एड. करतात ते त्यांच्यावर एका आठवड्याच्या सूचनेने टाकलं होतं.

पालकांना हे तेव्हाच कळत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे चौदाशे मुलांच्या घरी जाऊन पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं अवघी आठ टक्के निघाली, ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. त्याच गावांतल्या ९७ टक्के पालकांना शाळा लवकरात लवकर उघडायला हव्या होत्या. शहरांतल्या सोसायट्यांत चित्र वेगळं होतं, तिथे अनेकांनी लसीशिवाय मूल पाठवायला नकार दिला, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. मात्र टीव्हीच्या चर्चांत 'पालकांची तयारी नाही' हे वाक्य ऐकू आलं ते याच घरांच्या तोंडून. पाड्यावरच्या पालकाला कुणी पॅनेलवर बोलावलं नाही. युनेस्कोच्या मोजणीत भारतातल्या शाळा ८२ आठवडे पूर्ण किंवा अंशतः बंद राहिल्या, जगात फार थोड्या देशांनी याहून जास्त काळ त्या बंद ठेवल्या.

खरं म्हणजे पालकांना विचारण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांत राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आहे. म्हणजे गावागावांत, वॉर्डावॉर्डांत कायद्याने बसवलेले पालक प्रतिनिधी होते. त्या दोन वर्षांत तास सकाळी घ्यायचा की संध्याकाळी, गृहपाठ रोज की आठवड्याला, फोन नसलेल्या मुलांना एकत्र कुठे बसवायचं, हे ठरवायला या समित्यांहून योग्य जागा नव्हती. पण बंद-सुरूचे आदेश मंत्रालयातून किंवा जिल्हाधिकारी आणि आयुक्तांकडून निघाले, आणि समित्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी ठरावावर सह्या आल्या.

सरकारला पालकांचा उपयोग माहीत नाही असंही नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात शाळापूर्व तयारीचं 'पहिले पाऊल' अभियान झालं, गावोगाव मेळावे भरले, मातांचे गट बांधले गेले. आठवड्याला फोनवर एक छोटा उपक्रम यायचा, गटातल्या आयांनी तो मुलांकडून करून घ्यायचा. स्वयंपाकघरातल्या डाळी-तांदळावर मोजणी, दारातल्या पानांवर आकार. इथे आईला तिच्या आवाक्यातलं काम दिलं होतं, ते कसं करायचं हे दाखवलं होतं, आणि सोबतीला शेजारच्या चार जणी होत्या. महासाथीत नेमकं हेच नव्हतं. तेव्हा अख्खा अभ्यासक्रम तिच्या पदरात टाकून वर नेटवर्कची चौकशी केली जात होती.

म्हणून आता मागणी नेमकी हवी. शाळा ऑनलाइन किंवा हायब्रिड जाणार असेल, कारण पाऊस असो, प्रदूषण असो की नवी साथ, तर त्याचे नियम आधीच, शाळा नीट चालू असताना, त्या समितीत किंवा संघात ठरलेले असावेत. किती मुलांकडे दिवसा फोन नसतो याची यादी शाळेकडे हवी. घरी मोठं माणूस नसलेल्या मुलांसाठी शाळेची एक खोली, अंगणवाडी किंवा समाजमंदिर उघडं राहील का, ते लिहिलेलं हवं. पोषण आहाराचं काय होणार, तेही. दुसरीपर्यंतच्या मुलांना पडद्यासमोर बसवायचंच नाही, असं ठरवायचं धाडस एखाद्या समितीने केलं तर ते मान्य व्हायला हवं. कामाच्या ठिकाणचा प्रश्न शाळेच्या हातात नाही, पण सरकारच्या आहे. ज्या दिवशी प्रशासन शाळा बंद करतं, त्या दिवशी लहान मुलांच्या आईला किंवा वडिलांना बिनबोभाट रजा मिळावी, हा नियम सरकारने निदान स्वतःच्या कर्मचाऱ्यांपासून आणि आशा-अंगणवाडीताईंपासून सुरू करावा.

आपल्या मुलाच्या शाळेत व्यवस्थापन समिती आहे का, तिच्यावर पालक म्हणून कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे बहुतेक वाचकांना सांगता येणार नाही. पुढच्या पालकसभेत ते विचारा. शाळा बंद ठेवायची वेळ आली तर काय करायचं ठरलं आहे, त्याचा कागद मागा. असा कागद नसेल तर तो तिथेच लिहायला घ्या आणि समितीच्या ठरावात घाला.